हिंगाची बदली : कांदा-लसणाविना चवीचा इतिहास

आज आपण एका अगदी आजच्या अडचणीपासून सुरुवात करून मागे जाणार आहोत.

पोट सतत फुगतं, मुरडा येतो, कधी जुलाब तर कधी कोठा जड. याला डॉक्टर आयबीएस म्हणतात. अशा रुग्णांना हल्ली आहारतज्ज्ञ काही आठवडे ‘लो फॉडमॅप’ आहार सांगतात आणि मग एकेक पदार्थ परत सुरू करून पाहतात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी ही कल्पना मांडली. फॉडमॅप हा शब्द २००५ मध्ये छापून आला. काही कर्बोदकं लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि वायू धरतो, असं त्यामागचं गणित. वर्ज्य पदार्थांच्या यादीत कांदा आणि लसूण ठळक असतात, कारण दोघांतही फ्रुक्टन भरपूर.

यादी हातात पडली की घरातला पहिला प्रश्न असतो, मग जेवणाला चव कशाची? हा प्रश्न हलका समजू नये. बेचव पथ्य माणूस चार दिवस पाळतो आणि पाचव्या दिवशी मोडतो. इतिहासात, नेहमीची चव हातची गेल्यावर काय करायचं हा पेच अनेकांना पडला आहे. त्याचं एक उत्तर पुन्हा पुन्हा आलेलं दिसतं : हिंग.

रोमन लोकांचंच बघा ना. आजच्या लिबियातल्या सायरीनी भागात सिल्फियम नावाची वनस्पती होती, तिच्या चिकावर रोमन स्वयंपाकघर फिदा होतं. पण ती इतकी ओरबाडली गेली, की प्लिनी लिहितो त्याप्रमाणे त्याच्या आठवणीत एकच काडी सापडली आणि ती सम्राट नीरोला पाठवली गेली. मग इराणच्या बाजूचा हिंग त्या जागी आला. तोही महाग. म्हणून एपिशियसच्या नावावर असलेल्या पाककृतींत एक युक्ती दिली आहे : बरणीत हिंगाबरोबर सुमारे २० चिलगोजे ठेवावेत, लागेल तेव्हा थोडे चिलगोजेच कुटून घालावेत आणि तेवढे नवे टाकावेत. म्हणजे हिंग खर्चायचा नाही, त्याचा वास खर्चायचा!

आता गोव्यात या. १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य हिंगावर बरंच बोलतो. शाकाहारी लोक आधी भांड्यालाच हिंग चोळतात आणि मग भाजी शिजवतात, हे त्याने टिपलं आहे. त्याची घोड्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. विजयनगरात एका पोर्तुगिजाचा उमदा घोडा होता, पण त्याला वायूचा फार त्रास, म्हणून राजा तो घेईना. मालकाने पिठातून हिंग चारला, घोडा बरा झाला, राजाने विकत घेतला. उपाय कळल्यावर राजा म्हणाला, हे तर देवांचं अन्न. त्यावर तो पोर्तुगीज हळूच आपल्या भाषेत पुटपुटला, देवांचं कसलं, सैतानाचं म्हणा!

आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी घरं आजही आहेत. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याची थालीपीठं आणि भजी खाऊन घ्यायची आणि मग कार्तिकापर्यंत आमटी उभी राहते ती हिंग, मोहरी, कढीपत्ता, गोडा मसाला आणि आमसुलावर. चार महिने कुणी चवीला मुकल्याचं ऐकिवात नाही.

इथे फोडणीचं मोल लक्षात घ्यावं. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. वास मात्र तेलात उतरतो. म्हणून ठेचलेला लसूण तेलात परतून काढून टाकला, तर ते तेल या पथ्यात चालतं. तोच लसूण आमटीत उकळून मग वेचून काढला तर उपयोग नाही, जे जायचं ते रसात गेलेलंच असतं. आणि लसणाचं तेल ताजंच वापरायचं, बाटलीत भरून ओट्यावर ठेवायचं नाही. त्यात विषारी जंतू वाढू शकतात. कांद्याच्या पातीचा हिरवा भागही चालतो, खालचा पांढरा नाही.

पण चातुर्मासाचं ताट म्हणजेच लो फॉडमॅप, असं कुणी म्हणेल तर आम्हाला ते मान्य नाही. त्या ताटात गव्हाची पोळी आहे, तूरडाळ आहे, बासुंदी आहे. तिन्ही या यादीत अडतात. परंपरेने कांदा सोडला तो धर्मनियमासाठी, आतड्यासाठी नव्हे. आपण तिच्याकडून घ्यायची ती फक्त चव उभी करण्याची रीत.

शेवटी डबीकडे बघू. अस्सल हिंग इतका उग्र, की बाजारात तो डिंक आणि पीठ मिसळून बांधलेला येतो, आणि हे पीठ बहुधा गव्हाचं असतं. चिमूटभराने बहुतेकांना काही होत नाही, पण ज्यांना गहू पूर्ण वर्ज्य आहे त्यांनी डबीमागची बारीक अक्षरं वाचावीत. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, दुकानात तसा मागून घ्यावा.