तुकोबांच्या अभंगातून ख्रिस्तचरणी

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती आणि इंदापूर येथे मुक्काम करून पंढरपूरला जाते. बारामती ही मोरोपंतांचीही कर्मभूमी. त्यांच्या आर्यांवाचून एकेकाळी हरिदासांचे कीर्तन रंगत नसे. अभंग आणि कीर्तनाचा हाच वारसा मराठी ख्रिस्ती उपासनेतही रुजला, त्याचे मोठे श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे.

कोकणातील चित्पावन ब्राह्मण घराण्यात जन्मलेल्या टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नातलगांनी आकांत केला. पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या आणि काही काळ पंढरपुरात आप्तांकडे राहिल्या. सोवळे-ओवळे आणि पती यांत झालेली त्यांची ओढाताण ‘स्मृतिचित्रे’त वाचावी, तितका प्रांजळ वृत्तान्त मराठीत विरळाच. पुढे त्या पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी चर्चमधील बरीच गीते इंग्रजीवरून अनुवादलेली आणि विलायती चालींवर बसवलेली असत. अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट टिळकांच्या आधीच पाडली होती. टिळकांनी अभंग, ओव्या आणि पदे रचून तिचा हमरस्ता केला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणी आलो, असे ते म्हणत. धर्म बदलला तरी भाषा आणि भक्तीची रीत परकी होऊ द्यायची नाही, हा त्यांचा आग्रह होता. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील त्यांची भजने आजही निरनिराळ्या पंथांच्या चर्चमध्ये गायिली जातात.

या प्रभावाचे मोजमाप धर्मांतरांच्या आकड्यांत करणे फोल आहे. टिळकांच्या घरी मुलासारखे राहिलेले बालकवी ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत. टिळकांकडून त्यांना लाभला तो काव्याचा संस्कार.

मिशनच्या चौकटीतही टिळक फार काळ रमले नाहीत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही प्रवेश होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.