पंखवाल्या घोड्यावरचा रसायनशास्त्रज्ञ

१८७४ च्या सप्टेंबरात युट्रेख्टमध्ये २२ वर्षांच्या याकोबुस व्हान्ट हॉफने एक छोटी डच पुस्तिका छापली. तोवर रेणूंची सूत्रे कागदावर सपाट मांडली जात. कार्बनचे चार बंध खरोखरच चौरसाच्या कोपऱ्यांकडे जात असतील, तर मिथेनमधल्या दोन हायड्रोजनांच्या जागी क्लोरीन आल्यावर दोन निराळे पदार्थ मिळायला हवेत: क्लोरीन शेजारी असलेला एक, समोरासमोर असलेला दुसरा. प्रत्यक्षात मिळतो एकच. बंध चतुष्फलकाच्या शिरोबिंदूंकडे वळवले की हे कोडे सुटते. शिवाय चारही गट भिन्न असतील, तर डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपे संभवतात. पाश्चरने १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे परस्परांची प्रतिबिंबे असणारे स्फटिक वेगळे केले होते. त्यामागचे कारण आता उमगले. पॅरिसमध्ये ल बेलही त्याच वर्षी स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाप्रत आला.

१८७७ मध्ये हेर्मान कोल्बेने जाहीर खिल्ली उडवली: पशुवैद्यक विद्यालयातल्या या गृहस्थांनी पंखवाला घोडाही तिथूनच उसना आणला असावा! कोल्बे सामान्य रसायनशास्त्रज्ञ नव्हता. अणू कुणी पाहिलेला नसताना त्यांच्या जागा सांगणे त्याला कविकल्पना वाटे, आणि हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. व्हान्ट हॉफने १८७८ मध्ये आम्स्टरडॅमच्या व्याख्यानासाठी विषयच निवडला तो विज्ञानातील कल्पनाशक्तीचा.

१९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी हिऱ्याची रचना उलगडली. प्रत्येक कार्बनभोवती चार कार्बन होते, चतुष्फलकाच्या शिरोबिंदूंवर. ते ऐकायला कोल्बे नव्हता, आणि दोन वर्षांपूर्वी निवर्तलेला व्हान्ट हॉफही नव्हता.