दूध सोडू का? हा प्रश्न आपल्या घरात नवा आहे



गेल्या वर्षी पोटाने मला फार छळलं. जेवण झालं की पोट फुगायचं, गुडगुडायचं. सकाळी कार्यक्रमाला निघायच्या आधी दोनदा संडासला पळावं लागायचं. रक्त तपासलं, शौच तपासलं, काहीच निघालं नाही. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, दूध किती घेता? म्हटलं, रात्री झोपताना एक मोठा पेला, लहानपणापासूनची सवय आहे. ते म्हणाले, पंधरा दिवस बंद करून बघा.

घरी येऊन आईला सांगितलं. ती जरा वेळ गप्पच बसली. मग म्हणाली, "आमच्या बापाच्या घरी दूध बघायला मिळत नव्हतं रे. तुम्हा भावंडांना पावशेर तरी मिळावं म्हणून मी दोन घरची धुणी जास्त धरली. आणि तू म्हणतोस, सोडतो!"

डॉक्टरांना एका वाक्यात सांगता येणारी गोष्ट आमच्या घरात तीन दिवस चालली. तेव्हा लक्षात आलं की आपल्या समाजात दूध हा नुसता आहाराचा विषय नाही. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दावणीला म्हैस होती त्यांनी दूध सोडलं तर ती 'लाइफस्टाइल' होते. आपण सोडायला निघालो की आईबापाच्या कष्टाचा अपमान झाल्यासारखं वाटतं. म्हणून आधी हे बघू की दूध आपल्याला का मिळालं नाही, आणि मिळालं तेव्हा ते कुणी, काय सांगून दिलं.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडा. चांडाळाने गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात जेवावं, हे तुम्ही ऐकलेलं असतं. त्याच ठिकाणी आणखी एक नियम आहे, ज्याच्याकडे आपण सहसा लक्ष देत नाही: त्यांचं धन म्हणजे कुत्री आणि गाढवं. म्हणजे गाय नाही, म्हैस नाही. त्या काळी गुरं हीच संपत्ती होती आणि दूध-तूप हे त्या संपत्तीचं रोजचं व्याज. ते व्याज कुणाच्या घरी जाणार आणि कुणाच्या घरी जाणार नाही, हे धर्मशास्त्राने लिहून ठेवलं. पुढे गावगाड्यात ग्रंथ कुणी वाचो न वाचो, परिणाम तोच राहिला. जमीन नाही तर कडबा नाही, कडबा नाही तर जनावर नाही, जनावर नाही तर दूध कुठलं? शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक ज्यांनी वाचलं असेल त्यांना आठवेल, मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचे जे पदार्थ त्यांनी नोंदवले आहेत, त्यांत दूध-तुपाचा पत्ता जवळजवळ नाहीच.

पण गायीशी आपला संबंध नव्हता असं मात्र नाही. गाय जिवंत असेपर्यंत पाटलाची आणि मेली की आमची! मेलेलं जनावर ओढून नेणं, सोलणं, त्याचं मांस खाणं, उरलेल्या मांसाच्या चान्या करून वाळवून ठेवणं हे आपल्या वाट्याला आलं. एकाच जनावराचे दोन भाग केले गेले. पांढरा भाग गावात राहिला, लाल भाग वेशीबाहेर आला, आणि मग तोच लाल भाग खातात म्हणून आपल्याला अस्पृश्य ठरवण्यात आलं. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचं मूळ याच गोमांसाच्या प्रश्नात शोधलं आहे.

विकत घेऊन खाल्लं तर चालत होतं का? तेही नाही. 'जातिभेद निर्मूलन' या १९३६ सालच्या भाषणात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकिगत दिली आहे. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्याने आपल्या लोकांना जेवण घातलं आणि पानात तूप वाढलं. पंगत बसलेली असताना शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासाडी केली, माणसं झोडपली. तूप त्याच्या पैशाचं होतं, जेवणारे त्याचेच होते. गुन्हा एवढाच की ते तूप होतं.

आणि महाड! २० मार्च १९२७ ला आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो. मग सनातन्यांनी ते तळं 'शुद्ध' कसं केलं? शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांच्या १०८ घागरी ओतून. आपल्या लेकरांच्या तोंडी जे दूध कधी गेलं नाही, ते आपण पाण्याला हात लावला म्हणून घागरींनी ओतलं गेलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, त्यात कुत्र्या-गाढवांचा तो नियमही जळाला.

आता दुसरी बाजू बघा. हिंदुस्थानात दूध सोडण्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट गांधींची आहे. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडलं. कारणं दोन: एक ब्रह्मचर्य, दुसरं गवळी फुक्याने दूध काढतात त्यातली क्रूरता. १९१८ मध्ये खेडा भागात सैन्यभरती करत फिरताना ते आमांशाने इतके आजारी पडले की मरणाच्या दारात गेले. डॉक्टर म्हणाले, दूध घ्या. व्रत आड आलं. तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली की व्रत गायी-म्हशीच्या दुधाचं होतं ना, मग बकरीचं घ्या. गांधींनी घेतलं. व्रताचे शब्द पाळले पण आत्मा गेला, ही बोच त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहून ठेवली आहे.

मला यात गांधींची थट्टा करायची नाही. आजारी माणसाने काय प्यावं हा त्याचा प्रश्न. पण ही गोष्ट वाचताना एक जाणवतं: सोडणं, घेणं, पुन्हा सोडणं हे सगळं त्याला शक्य असतं ज्याच्या दारात बकरीसकट सगळं हजर आहे. आपल्या आज्याने दूध 'सोडलं' नव्हतं. आणि आपल्याकडे सोडण्याची जी खरी गोष्ट घडली ती दुधाची नाही, मेलेल्या ढोराची. महाडपासून बाबासाहेब सांगत होते, ती ओढू नका, ते मांस खाऊ नका. त्यावर 'केसरी'त कुणीतरी हिशेब छापला की कातडी, शिंगं, हाडं सोडल्याने महारांचं किती रुपयांचं नुकसान होईल! १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी तो किस्सा सांगितला आहे. नफ्याच्या गणितापेक्षा माणसाची इज्जत मोठी, हे त्यांनी तिथे ठासून सांगितलं. २०१६ मध्ये उना तालुक्यातल्या मोटा समढियाळा गावात मेलेली गाय सोलणाऱ्या आपल्या तरुणांना अर्धनग्न करून मारलं गेलं, तेव्हा गुजरातमधल्या आपल्या माणसांनी मेलेली जनावरं थेट सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर नेऊन टाकली. गुजरात म्हणजे सहकारी दुधाचं माहेरघर, हे विसरू नका.

मग 'दूध म्हणजे पूर्णान्न' हे आपल्या घरात कधी शिरलं? यात ब्रिटिशांचा हात आहे. १९२० च्या दशकात कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरने उंदरांच्या गटांना हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या लोकांचा आहार दिला. शिखांचा आहार, म्हणजे गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाज्या आणि अधूनमधून मांस, खाणारे उंदीर सगळ्यात धडधाकट निघाले. भातावर राहणारे किडमिडे. प्रयोग खोटा नव्हता. पण त्या ताटात कोंड्यासकट गहू होता, भाज्या होत्या, मांसही होतं. लोकांच्या डोक्यात मात्र दूध तेवढं राहिलं, कारण 'दूध पिणाऱ्या लढवय्या जाती' ही गोष्ट साहेबालाही आवडायची आणि इथल्या गोभक्तालाही. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला लढलेल्या महार सैनिकांच्या घरी म्हशींची दावण होती, असं कुणी म्हणणार आहे का?

स्वातंत्र्यानंतर सरकारने दूध शहरात आणलं. मुंबईत आरे कॉलनी उभी राहिली, १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ झालं, १९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' सुरू झालं. त्याची सुरुवात युरोपातून फुकट आलेल्या दूध पावडर आणि बटर ऑइलवर झाली. १९९८ पासून भारत जगात सगळ्यात जास्त दूध काढणारा देश आहे. सरकारी आकड्यानुसार माणशी रोज साडेचारशे ग्रॅमच्या वर दूध उपलब्ध आहे. ही सरासरी आहे, आणि सरासरी वस्तीच्या दारावर थांबते. दूध सहकाराने शेतकरी बायांच्या हातात रोख पैसा दिला, हे मान्यच केलं पाहिजे. पण ११ राज्यांतल्या ५६५ गावांचा अभ्यास करून २००६ मध्ये 'अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया' हे पुस्तक आलं. त्यात आढळलं की दूध सोसायटी असलेल्या गावांपैकी जवळपास निम्म्या गावांत दलितांना सोसायटीत दूध घालता येत नव्हतं. आमच्या म्हशीने दिलेल्या दुधाची फॅट मोजायच्या आधी जात मोजली जात होती.

तरीही दूध आलं. पिशवीतून आलं, चहातून आलं, मुलांच्या पेल्यात आलं. माझ्या आईसारख्या हजारो बायांनी ते कष्टाने आणलं, कारण शिकलेल्या घरात मुलं दूध पितात हे त्यांनी कामाच्या घरी बघितलं होतं. त्यात चूक काहीच नाही.

आता पोटाकडे येतो. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते आणि ती पचवायला आतड्यात लॅक्टेज नावाचं पाचक द्रव्य लागतं. ते प्रत्येक बाळाकडे असतं, म्हणून आईचं दूध पचतं. जगातल्या बहुसंख्य माणसांत मोठेपणी ते कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात आंबते, वायू होतो, पातळ होतं. हा रोग नाही, माणसाच्या शरीराची ही जुनी, साधी रीत आहे. उलट मोठेपणीही दूध पचणं हा नंतर झालेला जनुकीय बदल आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात भारतभरच्या लोकांचे नमुने तपासले गेले. युरोपात आढळतो तोच बदल इथे वायव्येकडे जास्त आणि दक्षिण-पूर्वेकडे कमी होत गेलेला दिसला, आणि पशुपालक समूहांत तो अधिक होता. म्हणजे 'दूध पचत नाही' म्हणणारा माणूस कमकुवत नाही, या देशात तो बहुसंख्य आहे. एका वायव्येच्या पोटाला अख्ख्या देशाचं पोट ठरवण्याचा उद्योग संस्कृतीच्या नावाने चालतो, तो वेगळा.

मग सोडायचं का? मी पंधरा दिवस सोडलं, पोट शांत झालं. पुन्हा एक पेला घेतला, त्याच रात्री गुडगुड. मला उत्तर मिळालं. तुमचं वेगळं असू शकतं. ज्याला पचतं त्याने कुणाचे व्हिडिओ बघून सोडायची गरज नाही. ज्याला पचत नाही त्यालाही बहुतेक वेळा चहातलं चार चमचे दूध चालतं, ताक-दही चालतं, कारण विरजणातले जिवाणू त्यातली बरीच साखर आधीच खातात. वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल तर मात्र दुधाला दोष देत बसू नका, दवाखाना गाठा. आणि लहान मुलांचं दूध परस्पर बंद करू नका, त्यांच्या ताटात दुसरं काही असेल तर गोष्ट वेगळी.

कारण खरा प्रश्न त्या दुसऱ्या काहीचाच आहे. दुधातून कॅल्शियम, प्रथिनं आणि बी-१२ मिळतं. कॅल्शियम आपल्या जुन्या जेवणात होतंच: शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तितक्याच दुधात सव्वाशेच्या आत. नाचणीतलं सगळं अंगी लागत नाही हे खरं, पण तीळ आहे, शेवग्याचा पाला आहे, काट्यासकट खाल्लेली सुकट आहे. बी-१२ मात्र धान्य-भाजीतून मिळत नाही. ते मांस, मासे, अंडी आणि दुधातूनच येतं. म्हणून दूधही नको, अंडंही नको, मटणही नको असं सांगणाऱ्या महागड्या 'व्हीगन' मंडळींच्या मागे आपण जाऊ नये. त्यांना गोळ्या आणि बदामाचं दूध परवडतं.

आणि इथेच राजकारण आहे. स्वस्त मांस आपल्या ताटातून काढलं गेलं: २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या मांसावरही बंदी आहे. अंडं तर सगळ्यात स्वस्त, पण त्याच साली मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी अंगणवाडीत अंडी द्यायला नकार दिला. आपल्याकडे शाळेच्या आहारात अंडं आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचे पैसे बंद केले. शाळांनी लोकवर्गणी काढावी म्हणे! ज्या लेकरांना दूध पचत नाही त्यांना अंडं मिळू द्यायचं नाही, आणि वर दूध हेच सात्त्विक म्हणून सांगायचं. तुमच्या वस्तीतल्या शाळेत अंडं मिळतं का, हे या आठवड्यात जाऊन विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, तिथे हा विषय काढता येतो.

वैशाख पौर्णिमेला आमच्या विहारात दरवर्षी खीरदान असतं. सहा वर्षांच्या कठोर तपाने सिद्धार्थाचं शरीर झिजलं होतं, ते तप सोडून त्यांनी सुजाताने दिलेलं अन्न घेतलं, त्याची आठवण म्हणून. यंदा मी वाढायला उभा होतो. आईने एक वाटी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेली दिसली. म्हटलं, अगं, मला चालत नाही ना. ती म्हणाली, "नारळाच्या दुधाची केलीय तुझी. खा गपचूप."