बीज आणि हुकूम

प्रलयजलावर तरंगत आलेला सृष्टिबीजांचा कुंभ जेथे विसावला ते कुंभकोणम्, अशी कथा आहे. १७९९ पर्यंत तंजावरच्या भोसल्यांच्या अमलाखाली असलेल्या या नगरीत १९२५ साली बीजांचाच एक मर्मज्ञ जन्मला : गुणसूत्रांचे अभ्यासक एम. एस. स्वामीनाथन. बोरलॉग यांच्या साहाय्याने त्यांनी १९६० नंतरच्या दशकात मेक्सिकोचा बुटका गहू भारतात रुजवला. त्यातील जनुकांमुळे पेशी वाढीच्या संप्रेरकास फारशी दाद देत नाहीत. ताट आखूड राहते व ओंब्यांच्या भाराने लोळत नाही.

मग पेशी निव्वळ हुकुमाची ताबेदार काय? जागा बदलणाऱ्या जनुकांच्या शोधाबद्दल १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांना तसे वाटले नाही. आघात होताच मक्याची पेशी आपल्या जनुकांची मांडणी बदलते, असे त्यांना आढळले होते.

परमुलखात चाकरी करणाऱ्या आम्हांस हे परके नाही. हुकूम वरून येतो. प्रसंग मात्र समोर उभा असतो. पेशीच्या वर्तनास बुद्धी म्हणण्यास आम्ही धजत नाही. प्रसंग ओळखण्याची तरतूदही बीजातच लिहिलेली असेल. परंतु प्रसंग पाहून हुकूम वाचणे, ही केवळ ताबेदारी खासच नव्हे.