गवताची किंमत : सिमरॉन काउंटीतील शेतकरी आणि सरकारी पैसा

१/ १४ एप्रिल १९३५, रविवार. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या पश्चिम टोकावरील सिमरॉन काउंटी. बॉईस सिटी गावाबाहेर एक अंत्ययात्रा वाटेवर असतानाच उत्तरेकडून धुळीची काळी भिंत चालून आली आणि भर दिवसा अंधार झाला. इतिहासात हा दिवस ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो.

२/ काउंटी म्हणजे साधारण जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. सिमरॉनची सीमा कॅन्सस, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि टेक्सास अशा चार शेजारी राज्यांना भिडते. अमेरिकेत अशी दुसरी काउंटी नाही. पाऊस वर्षाकाठी जेमतेम १८ इंचांच्या आसपास, वारा मात्र अखंड. येथील माती शतकानुशतके धरून ठेवली ती आखूड, चिवट गवताच्या मुळांनी.

३/ ते गवत नांगराखाली गेले ते गव्हाच्या भावापायी. पहिल्या महायुद्धात सरकारनेच गव्हाला बुशेलमागे (सुमारे २७ किलो) २ डॉलरहून अधिक भावाची हमी दिली होती. १९३१ साली देशातील सरासरी भाव ४० सेंटच्या खाली कोसळला. तोटा भरून काढण्यासाठी शेतकऱ्यांनी आणखी जमीन फोडली. त्यातच पाऊस आटला आणि उघडी पडलेली माती वाऱ्यावर उडू लागली.

४/ १९३३ च्या शेती समायोजन कायद्याने एक विलक्षण व्यवहार सुरू केला : कमी पेरा, त्याचे पैसे घ्या. हेतू भाव सावरण्याचा होता, माती वाचवण्याचा नव्हे. अंमलबजावणीसाठी प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांच्याच निवडलेल्या समित्या नेमल्या गेल्या. कोणी किती एकर पेरले, याची तपासणी शेजाऱ्यानेच शेजाऱ्याची करायची होती. १९३४ च्या दुष्काळात चारा संपला, तेव्हा सरकारने गुरेही विकत घेतली. जी फारच खंगली होती, ती जागेवरच मारली गेली.

५/ मातीची बाजू मांडली ती ह्यू हॅमंड बेनेट या मृदाशास्त्रज्ञाने. जमिनीची धूप हे राष्ट्रीय संकट आहे, असे ते १९२८ पासून सांगत होते. १९३५ च्या वसंतात मैदानांवरची धूळ थेट राजधानी वॉशिंग्टनच्या आकाशात दिसली. काळ्या रविवारानंतर दोन आठवड्यांच्या आतच, २७ एप्रिलला, मृदसंधारण कायदा झाला आणि बेनेट नव्या मृदसंधारण सेवेचे प्रमुख झाले.

६/ जानेवारी १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९३३ च्या कायद्यातील पेरा घटवण्याची योजना घटनाबाह्य ठरवली. काँग्रेसने दोन महिन्यांच्या आत वाट काढली. पेरा घटवण्याऐवजी आता ‘माती झिजवणारी’ पिके सोडून ‘माती राखणारी’ पिके घेण्यासाठी पैसे मिळू लागले. संधारणाला मोठा निधी मिळाला, तो असा न्यायालयीन पेचातून.

७/ त्याच वर्षी छायाचित्रकार आर्थर रॉथस्टीन सिमरॉनमध्ये आला. धुळीच्या वादळात झोपडीकडे धावणारा शेतकरी आणि त्याची दोन मुले, हे त्याचे छायाचित्र जगभर गाजले. रॉथस्टीन हा पुनर्वसन खात्याचा नोकर होता. शेतकऱ्यांवर पैसा का खर्च करायचा, हे देशाला पटवून देणे हाच त्या छायाचित्रांचा उद्देश होता.

८/ तरीही एक अडचण उरलीच. या भागात ‘सुटकेसवाले शेतकरी’ बरेच होते : राहायचे दूर शहरात, पेरणी-कापणीपुरते यायचे, पीक बुडाले की जमीन उघडी टाकून जायचे. त्यांच्या शेतातली माती शेजाऱ्याच्या उभ्या पिकावर येऊन पडे. एकट्या शेतकऱ्याने उताराला आडवी नांगरणी करून भागणार नव्हते. म्हणून १९३७ पासून राज्यांनी कायदे करून स्थानिक मृदसंधारण मंडळे उभी केली.

९/ १९३७ च्याच आणखी एका कायद्याने सरकार निकृष्ट जमिनी विकत घेऊन तेथे पुन्हा गवत लावू लागले. त्यातील काही जमीन सिमरॉनमध्ये आहे. ती १९६० पासून ‘रीटा ब्लांका राष्ट्रीय गवताळ प्रदेशा’चा भाग आहे. तेथे गवत टिकले, पण ती शेते कसणारे कायमचे गेले. १९३० साली काउंटीची लोकसंख्या ५,४०८ होती. १९४० साली ३,६५४ उरली.

१०/ दुसऱ्या महायुद्धात पाऊस परतला, भाव चढले आणि नांगर पुन्हा गवतात शिरले. १९५० च्या दशकात पुन्हा दुष्काळ, पुन्हा धूळ. १९५६ साली सरकारने ‘मृदा पेढी’ योजना आणली : जमीन शेतकऱ्याचीच, पण काही वर्षे पडीक ठेवण्याचे भाडे सरकारचे. १९८५ च्या संधारण राखीव कार्यक्रमाने हेच करार १० ते १५ वर्षांचे केले.

११/ या कार्यक्रमात एक सूचक अट आहे : सर्वसाधारणपणे कोणत्याही काउंटीतील २५ टक्क्यांहून अधिक लागवडीची जमीन करारात घेता येत नाही. कारण सगळीकडे गवतच उगवले, तर बियाणे-खते विकणारा दुकानदार आणि धान्याची कोठारे चालवणारा कोठून कमावणार? मालकाला भाडे मिळते. गावाला मिळत नाही.

१२/ करार संपला की भाव पुन्हा बोलू लागतो. देशभरात या कार्यक्रमाखालील जमीन २००७ साली सुमारे ३.६८ कोटी एकरांवर पोहोचली होती. पुढे धान्याचे भाव वाढले, अनेकांनी करार सोडले आणि २०१४ च्या कायद्याने कमाल मर्यादाच २.४ कोटी एकरांवर आणली.

१३/ सिमरॉनच्या इतिहासात सरकारी पैशाने दोन गोष्टी करून पाहिल्या. विकत घेतलेल्या जमिनीवर गवत राहिले, माणूस गेला. भाड्याने राखलेल्या जमिनीवर माणूस राहिला, पण गवताचे आयुष्य कराराच्या मुदतीएवढेच ठरले. दोन्ही एकाच वेळी टिकवायचे कसे, हा १९३५ च्या धुळीतून उभा राहिलेला प्रश्न अजून सुटलेला नाही.

#इतिहास #मराठी