मोटारीतील अ‍ॅम्प्लिफायर

मोटारीतील अ‍ॅम्प्लिफायर (विवर्धक) हे वाहनातील संगीतयंत्राकडून येणारा क्षीण विद्युत संकेत स्पीकर चालवण्याइतका शक्तिशाली करणारे उपकरण आहे. त्याची निवड करताना स्पीकरची क्षमता व संरोध, आवश्यक वाहिन्यांची संख्या, वाहनाची वीजनिर्मितीची क्षमता आणि उपलब्ध जागा यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

गरज

बहुतेक वाहनांच्या संगीतयंत्रात लहान अ‍ॅम्प्लिफायर अंतर्भूत असतो. तो थेट बॅटरीच्या दाबावर चालत असल्यामुळे त्याच्या शक्तीला मर्यादा पडते. इंजिन चालू असताना वाहनातील दाब सुमारे १३.८ ते १४.४ व्होल्ट असतो. १४.४ व्होल्ट दाबावर ४ ओहमच्या स्पीकरला ज्या-वक्र रूपातील अविकृत संकेताद्वारे तत्त्वतः सुमारे २६ वॅट शक्ती देता येते. प्रत्यक्षात ती याहून कमी भरते. त्यामुळे अशा यंत्रावर छापलेला ‘५० वॅट × ४’ हा आकडा सलग मिळणारी शक्ती दर्शवत नाही. स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दाब वाढवणारे परिपथ असते, म्हणून तो अधिक शक्ती देऊ शकतो.

शक्तीचे मोजमाप

तुलनेसाठी ‘कमाल’ शक्तीऐवजी सलग मिळणारी, म्हणजेच आरएमएस शक्ती ग्राह्य धरली जाते. अमेरिकेतील कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने यासाठी सीईए-२००६ हे मानक तयार केले. त्यानुसार १४.४ व्होल्ट दाब, ४ ओहम संरोध आणि १ टक्क्याहून अधिक नसलेली विकृती या अटींवर शक्ती मोजली जाते. मानकाचे पालन निर्मात्यांसाठी ऐच्छिक आहे.

शक्ती दुप्पट केल्यास ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज कानाला साधारण दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणून ६० आणि ७५ वॅट यांतील फरक ऐकताना जवळजवळ जाणवत नाही. तेवढ्यासाठी अधिक किंमत मोजण्याचे कारण नसते.

प्रकार

मोटारींमध्ये प्रामुख्याने ‘एबी’ आणि ‘डी’ या वर्गांचे अ‍ॅम्प्लिफायर वापरले जातात. एबी वर्गाची कार्यक्षमता सर्वसाधारणपणे ५० ते ६५ टक्के असते व उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. डी वर्गाची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या वर जाऊ शकते. त्यामुळे तो आकाराने लहान असतो आणि बॅटरीवर कमी भार टाकतो. सबवूफरसाठी बहुधा डी वर्गाचा एकवाहिनी अ‍ॅम्प्लिफायर, तर दारांतील स्पीकरसाठी चार वाहिन्यांचा अ‍ॅम्प्लिफायर निवडतात. पाच वाहिन्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये दोन्ही कामे एकाच पेटीत होतात.

संरोधाची जुळणी

संरोध कमी झाल्यास अ‍ॅम्प्लिफायरमधून अधिक प्रवाह वाहतो. निर्मात्याने सांगितलेल्या किमान संरोधाखाली जोडणी केल्यास उपकरण तापते, बंद पडते किंवा निकामी होते. ४ ओहमची दोन वेटोळी असलेला सबवूफर समांतर जोडल्यास २ ओहम, तर एकसर जोडल्यास ८ ओहम संरोध मिळतो. दोन वाहिन्या एकत्र करून (ब्रिज जोडणी) ४ ओहमचा स्पीकर चालवताना प्रत्येक वाहिनीवर २ ओहमइतका भार पडतो. म्हणून ब्रिज जोडणीसाठीची किमान मर्यादा माहितीपुस्तिकेत स्वतंत्रपणे तपासावी लागते.

निवडीचे उदाहरण

एका मोटारीत प्रत्येकी ६० वॅट आरएमएस क्षमतेचे, ४ ओहमचे चार स्पीकर आणि ४ ओहमच्या दोन वेटोळ्यांचा ३०० वॅटचा एक सबवूफर आहे, असे मानू. त्यांच्यासाठी ४ ओहमवर प्रत्येक वाहिनीला सुमारे ६० वॅट देणारा चारवाहिनी आणि २ ओहमवर ३०० वॅट देणारा एकवाहिनी अ‍ॅम्प्लिफायर योग्य ठरतो. हाच सबवूफर एकसर जोडल्यास त्याला सुमारे एक-चतुर्थांश शक्तीच मिळेल.

एकूण शक्ती ५४० वॅट होते. कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास पूर्ण शक्तीला ६७५ वॅट, म्हणजे १३.८ व्होल्टवर सुमारे ४९ अँपिअर प्रवाह लागतो. संगीत ऐकताना सरासरी प्रवाह याहून बराच कमी असतो; तथापि तार आणि फ्यूज पूर्ण प्रवाहाचा विचार करूनच निवडावे लागतात. अल्टरनेटरच्या क्षमतेतून दिवे, पंखा, वातानुकूलन इत्यादींचा भार वजा केल्यावर किती प्रवाह शिल्लक राहतो, हेही पाहावे लागते.

जोडणी आणि सुरक्षितता

बॅटरीपासून निघणाऱ्या धन तारेवर, बॅटरीपासून शक्यतो ४५ सेंटिमीटरच्या आत, फ्यूज बसवतात. हा फ्यूज मुख्यतः तारेच्या रक्षणासाठी असतो. तार घासून वाहनाच्या सांगाड्याला टेकल्यास फ्यूजअभावी ती तापून आग लागू शकते. पत्र्यातून जाणाऱ्या तारेला म्हणूनच रबरी कडे बसवतात. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त असली, तरी तेवढ्याच प्रवाहासाठी ती शुद्ध तांब्याच्या तारेपेक्षा जाड घ्यावी लागते. ऋण तार आखूड ठेवून रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट बसवतात. ती सैल राहिल्यास स्पीकरमधून इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिटी ऐकू येऊ शकते.

‘गेन’ हे आवाज वाढवण्याचे बटण नसून संगीतयंत्राच्या संकेताशी जुळणी करण्याचे साधन आहे. तो गरजेपेक्षा वाढवल्यास ध्वनितरंगांचे माथे छाटले जातात आणि स्पीकर जळू शकतात.

श्रवणशक्तीवरील परिणाम

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या (नायॉश) शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला कमाल ८ तास राहावे आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीला हा अवधी निम्मा करावा. त्या हिशेबाने १०० डेसिबलसाठी हा अवधी केवळ १५ मिनिटांचा उरतो. मोटारीच्या बंद जागेत शक्तिशाली यंत्रणा ही पातळी सहज गाठू शकते. तसेच मोठ्या आवाजामुळे रुग्णवाहिकेचा भोंगा अथवा इतर वाहनांचे इशारे चालकाला ऐकू न येण्याचा धोका असतो.