आघात आणि आस : कॉम्प्रेसरची उलटी कहाणी

छेडलेला स्वर जन्मतःच विझू लागतो. गायक श्वास असेपर्यंत आणि सारंगीवादक गज फिरत असेपर्यंत स्वर धरून ठेवू शकतो; सतार वा गिटार वाजवणाऱ्याच्या हाती मात्र केवळ प्रारंभ असतो. नखीचा आघात झाला की पुढचे सारे तारेच्या स्वाधीन. आघातानंतर रेंगाळणाऱ्या या नादाला आपल्याकडे 'आस' म्हणतात. याच शब्दाचा मराठीतील दुसरा अर्थ इच्छा असा आहे, आणि लीड गिटारच्या इतिहासापुरते बोलायचे तर हे दोन्ही अर्थ एकत्र वाचावेत असे आम्हांला वाटते. हा इतिहास बऱ्याच अंशी स्वर लांबवण्याच्या इच्छेचा इतिहास आहे.

१९३९ साली चार्ली ख्रिश्चन बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात दाखल झाला आणि विजेच्या गिटारवर एकेका स्वराची सलग सुरावट सॅक्सोफोनच्या बरोबरीने ऐकू येऊ लागली. विजेने गिटारला मोठा आवाज दिला. सॅक्सोफोनचा श्वास मात्र ती देऊ शकली नाही. त्या श्वासाची वाट एका अनपेक्षित ठिकाणाहून निघाली.

कॉम्प्रेसर आणि त्याचा कठोर भाऊबंद लिमिटर ही मुळात नभोवाणीची यंत्रे. निवेदकाचा वा वाद्यवृंदाचा आवाज अचानक चढला तर प्रक्षेपण बिघडू नये, म्हणून १९३०च्या दशकात आवाजाची पातळी आपोआप दाबणारी यंत्रे वापरात आली. त्यांचे तत्त्व सोपे आहे. एक उंबरठा ठरवायचा आणि तो ओलांडणाऱ्या आवाजाला ठरावीक गुणोत्तराने आवरायचे. गुणोत्तर ४:१ असेल, तर उंबरठ्याच्या वर ८ डेसिबल गेलेला आवाज केवळ २ डेसिबल वर राहतो. थोडक्यात, हा पहारेकरी होता. कलेशी त्याचा संबंध मर्यादा घालण्यापुरताच होता.

या पहारेकऱ्याचे रूपांतर कसे झाले, याचे उत्तम उदाहरण १९६५ सालचे आहे. त्या वर्षी जानेवारीत हॉलीवूडमधील कोलंबिया स्टुडिओत 'द बर्ड्स' या गटाने बॉब डिलनचे 'मिस्टर टॅम्बरिन मॅन' ध्वनिमुद्रित केले. पुढे रॉजर या नावाने ओळखल्या गेलेल्या मॅग्विनच्या हाती बारा तारांची रिकनबॅकर गिटार होती. ध्वनिमुद्रक रे गेरहार्ट रॉक संगीताच्या दणक्यापासून आपली यंत्रसामग्री वाचवण्यासाठी सरसकट कॉम्प्रेसर लावत असे. मॅग्विनने नंतर सांगितल्याप्रमाणे, त्यातून आलेला नाद इतका मोहक होता की त्यांनी पहिल्यापुढे दुसरा कॉम्प्रेसर जोडला. दाबलेला स्वर तीन-चार सेकंद टिकू लागला आणि गिटार सुषिर वाद्याच्या जवळ गेली.

पुढच्याच वर्षी 'एट माइल्स हाय' आले. त्यातील गिटारवादनाचा पाया जॉन कोल्ट्रेनच्या 'इंडिया' या रचनेतील चार स्वरांच्या तुकड्यावर आहे. त्यातला पहिला स्वर कॉम्प्रेसरवाचून धरून ठेवता आला नसता, असे मॅग्विननेच म्हटले आहे. कोल्ट्रेन स्वतः रविशंकरांच्या संगीताकडे ओढला गेला होता. म्हणजे सतारीचे संगीत ऐकणारा सॅक्सोफोनवादक, आणि त्या सॅक्सोफोनचा श्वास मागणारी गिटार. आस पुन्हा छेडलेल्या तारेकडेच परतली होती.

१९७०च्या दशकात हे यंत्र स्टुडिओतून वादकाच्या पायाशी आले. एमएक्सआर कंपनीची लाल डायना कॉम्प ही डबी प्रसिद्ध झाली. तिच्यावर दोनच खुंट्या होत्या, एक संवेदनक्षमतेची आणि दुसरी बाहेर पडणाऱ्या आवाजाची. लिटल फीटचा लॉवेल जॉर्ज पान्याचा धातूचा सॉकेट बोटात घालून स्लाइड वाजवत असे आणि भरपूर कॉम्प्रेशन वापरत असे. मींडेसारखी सरकणारी त्याची सुरावट मध्येच विझली असती, तर तिला अर्थच उरला नसता.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कॉम्प्रेसर तारेला जादा आयुष्य देत नाही. तो आघात खाली दाबतो आणि मग एकूण पातळी वर उचलतो. त्यामुळे विझत जाणारी शेपटी आघाताच्या तोडीची भासते. या देवघेवीची किंमत आहे. शेपटीबरोबर यंत्राची खरखरही वर येते. अधिक गंभीर बाब अशी की, हळुवार आणि जोरकस छेडण्यातला भेद पुसट होतो. विकृत नादाचा अँप्लिफायर असेल तर तोच स्वराचे शेंडे छाटत असतो, म्हणून तेथे या पेडलची गरज कमी भासते. त्याची खरी परीक्षा स्वच्छ नादात होते.

कवितेतील प्रत्येक शब्द सारख्याच आवाजात वाचणारा वाचक आपण ऐकलेला असतो. त्याचा एकही शब्द हरवत नाही, तरी कविता हरवते. म्हणून मॅग्विन आणि लॉवेल जॉर्ज यांचे महत्त्व केवळ स्वर लांबवण्यात नाही. लांबलेल्या स्वराला मोबदल्यात काय द्यायचे, कोणते वळण, कोणता कंप, कोणती मींड, हे त्यांना ठाऊक होते. आघात गमावून मिळालेल्या त्या तीन-चार सेकंदांत सांगण्यासारखे काही असेल, तरच ती आस सार्थ ठरते.